अडीचशेचा आकडा

दादाच्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. एक मुलगा, एक मुलगी. दादाचा धंदा कुलपं-किल्ल्यांचा, रस्त्याच्या कोपऱ्यावर पत्र्याची टपरी. किल्ली करून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो सांगत सुटला होता की आमच्या घरी एका किल्लीत दोन कुलपं उघडली. वहिनी ऐकून डोळे वटारायची, पण हसायचीही. पोरं चार महिन्यांची झाली आणि त्याच सुमारास गावाच्या नळाला कुठं तरी गटाराचं पाणी मिसळलं. घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात खाटा पुरेनात, म्हणून जमिनीवर गाद्या टाकल्या.

दादाची बहीण त्याच दवाखान्यात सव्वीस वर्षं कामाला होती. वरच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, तिथं झाडू-पोछा, चादरी बदलणं, भांडी देणं-उचलणं ही तिची कामं. दवाखान्यात अशा सगळ्याच बायकांना मावशी म्हणतात. हिला मोठी मावशी म्हणायचे. खालच्या पुरुषांच्या वॉर्डात धाकटी मावशी. ती सहा वर्षांपूर्वी नवऱ्यानं टाकल्यावर दोन मुलं घेऊन कामावर आली, आणि तिला सगळं काम हिनंच हाताला धरून शिकवलं होतं. खाट कशी सरकवायची, उलटीचं भांडं कुठल्या हातात धरायचं, कुठल्या सिस्टरला कधी काय विचारायचं आणि कधी काढता पाय घ्यायचा, सगळं.

मोठी मावशी नोकरीला लागली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. खाटांचे नंबर ती चित्रासारखे ओळखायची. चाळिशी उलटल्यावर ती लिहायला शिकली, तीही दादाच्या मुलीच्या पाटीवर. भाची पहिलीत होती. संध्याकाळी आत्या आणि भाची शेजारी शेजारी बसायच्या आणि दादा दोघींना पेन्सिलीला टोक करून द्यायचा. हिनं पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं त्या दिवसापासून तो तिला 'साहेबीण' म्हणायला लागला. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

दादा तीन दिवस घरीच जुलाबांनी हैराण होता. वहिनी म्हणाली, दवाखान्यात जाऊ. तो म्हणाला, उद्या उतार पडेल. पोटात पाणी ठरत नव्हतं, पण गोळ्या मात्र त्यानं एकही चुकवली नाही. रक्तदाबाची एक सकाळी, गुडघ्याच्या दुखण्याची एक सकाळी आणि एक रात्री. गोळ्यांच्या बाबतीत दादा मोठा नेमाचा. त्याचा त्याला अभिमानही होता.

सोमवारी सकाळी मोठी मावशीच रिक्षा घेऊन गेली आणि त्याला घेऊन आली. डोळे आत गेलेले, जीभ लाकडासारखी. तरी वॉर्डाच्या दारात त्यानं औषधांच्या कपाटाचं कुलूप न्याहाळलं आणि म्हणाला, हे तर मी तारेनं उघडीन. खालच्या वॉर्डात बत्तीस खाटा होत्या, जमिनीवर आणखी सतरा माणसं. बहिणीची ओळख म्हणून दादाला अकरा नंबरची खाट मिळाली. सलाईन लागलं. रक्त तपासायला गेलं. दुपारी रिपोर्ट आला. मूत्रपिंडाचा आकडा थोडा वाढलेला होता. वॉर्डातल्या डॉक्टरबाई वयानं लहान, दोन दिवस धड झोपलेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, अंगातलं पाणी कमी झाल्यामुळं असेल, पाणी भरलं की उतरेल. लघवीवर लक्ष ठेवू आणि परवा पुन्हा रक्त बघू. घरच्या गोळ्या चालू ठेवल्या. गुडघा ठणकतो म्हणाला, म्हणून दुखण्याचं इंजेक्शनही लिहिलं.

आता लघवीवर लक्ष कसं ठेवतात, ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथंच अडली आहे. पेशंट भांड्यात लघवी करतो. मावशीनं ती मोजपात्रात ओतून आकडा बघायचा, मग टाकायची. पाळी संपताना मावशी वॉर्डाच्या दाराशी उभी राहते आणि हजेरी द्यावी तसे आकडे सांगते. टेबलाशी बसलेली सिस्टर प्रत्येक खाटेच्या तक्त्यात ते लिहीत जाते. एक नंबर तीनशे, दोन नंबर अडीचशे, तीन नंबर चारशे. पाच मिनिटांत वॉर्ड उरकतो.

पण अख्ख्या वॉर्डाला मोजपात्र एकच, आणि त्याच्यावरच्या रेघा घासून घासून गेलेल्या. निम्म्या पेशंटांचे नातेवाईक भांडं स्वतःच संडासात ओतून येतात, मावशीला तेवढंच सोपं व्हावं म्हणून. मग सांगायचं काय? मोठी मावशी नवी होती तेव्हा ती एकदा खरं बोलली होती, की सात नंबरची मोजली नाही. सिस्टरनं सगळ्यांसमोर तिची खरडपट्टी काढली. दुसऱ्यांदा तिनं खरोखर मोजून साठ सांगितले, तर सिस्टर म्हणाली, साठ कसे असतील, नीट बघितलंस का, आता मला डॉक्टरांना उठवावं लागेल. तिसऱ्यांदा तिनं अडीचशे सांगितले. कुणी मान वर केली नाही. दोनशेच्या खाली गेलं की विचारणा होते, चारशेच्या वर गेलं की होते; अडीचशे गुपचूप निघून जातात. ही गोष्ट तिच्या ध्यानात बसली. तिनं हे कधी पाप म्हणून केलं नाही. मोजता आलं तर ती मोजायची. नाही आलं तर अडीचशे. पुढं पुढं मोजता येत असतानाही अडीचशेच.

मंगळवारी दुपारी दोनला वरची पाळी संपवून ती खाली आली. दादा कुशीवर पडून होता. वहिनी स्टुलावर बसून त्याचे पाय चेपत होती. जुलाब थांबलेत, देवाची कृपा, म्हणाली. सकाळी डॉक्टरबाईंनी सलाईन हळू केलं होतं, कारण जुलाब थांबले होते आणि लघवी ठीक होती.

मोठ्या मावशीचे डोळे सवयीनं खाटेखाली गेले. भांडं तिरकं होतं. तळाशी गडद काढ्यासारखं काही तरी, दोन चमचे असेल नसेल.

तिनं दादाला विचारलं, कधी केलीस? तो म्हणाला, पहाटे असेल. त्याच्या आधी? आठवत नाही. मग डोळे न उघडताच म्हणाला, "साहेबीण, आता माझ्या लघवीचाही हिशेब मागणार का?"

वहिनी म्हणाली, काल संध्याकाळी एकदा मीच ओतून आले, एवढीशी होती.

मावशीनं खाटेच्या पायथ्याचा तक्ता उचलला. तिला आता वाचता येत होतं. सोमवार दुपार, अडीचशे. सोमवार रात्र, तीनशे. मंगळवार सकाळ, अडीचशे. अक्षर सिस्टरचं होतं, पण आकडे मावशीचे होते. आपलंच पोर दुसऱ्याच्या दारात उभं दिसावं तसे तिनं ते ओळखले.

भांडी धुण्याच्या खोलीत धाकटी मावशी पदर खोचून उभी होती, कोपरापर्यंत ओली. ही दारातच म्हणाली, अकरा नंबरची मोजलीस का?

धाकटीनं नळ बंद केला नाही. "आक्का, एकोणपन्नास माणसं आहेत. मी एकटी. कुणाकुणाची मोजू?"

"माझा भाऊ आहे तो."

"माहीत आहे. म्हणून तर त्यांची चादर तीनदा बदलली." मग तिनं मागं वळून पाहिलं, आणि तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. "तुम्हीच सांगितलं होतं ना, नाही कळलं तर अडीचशे सांगायचं?"

आता तरी नीट मोज, एवढं बोलून मोठी मावशी निघाली. मागून धाकटी म्हणाली, आक्का, सिस्टरला काही सांगू नका, माझी नोकरी कच्ची आहे, अकरा महिन्यांचा कागद आहे, दोन महिन्यांत संपतोय.

डॉक्टरबाई जमिनीवर टाकलेल्या एका म्हाताऱ्याची शीर शोधत गुडघ्यावर बसल्या होत्या. मावशी शेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, बाई, अकरा नंबरला लघवी कमी वाटते. बाईंनी सुई लावून झाल्यावर उठून तक्ता मागितला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग दमलेल्या पण मायेच्या आवाजात म्हणाल्या:

"मावशी, आठशे झालीय कालपासून. एवढे जुलाब झालेल्या माणसाला पुष्कळ आहे. भाऊ आहे ना तुमचा? म्हणून जीव घाबरतोय. उद्या रक्त बघतेच आहे."

तेवढ्यात दुसऱ्या टोकाकडून हाक आली आणि बाई गेल्या. मावशी तक्ता हातात धरून उभी राहिली. एक वाक्य बोलायचं होतं. बोलायला वेळ होता. बाई वॉर्डाच्या टोकाशी होत्या, वीस पावलांवर. पण ते वाक्य बोललं तर धाकटीची नोकरी जाणार, तिची दोन पोरं रस्त्यावर येणार, आणि सगळ्यांना कळणार की हे शिकवलं कुणी. सव्वीस वर्षांत मिळवलेला मोठेपणा पाच मिनिटांत जाणार. तिनं स्वतःची समजूत घातली. बाई शिकलेल्या आहेत. उद्या रक्त आहेच. एका दिवसानं काय होतं?

तिनं दादाला दोन पेले पाणी पाजलं. अर्धं ओकून गेलं. संध्याकाळी ती घरी गेली.

बुधवारी सकाळी पावणेसातला ती वर न जाता आधी खाली आली. दादाला उचकी लागली होती. एक थांबते न थांबते तोवर दुसरी. चेहरा सुजलेला, पापण्या जड. तिनं घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. हाक मारली, तर त्यानं ओ दिली, पण तिला वहिनीच्या नावानं हाक मारली. उशाशी रक्तदाबाच्या गोळीची रिकामी पुडी. सकाळची गोळी देऊन झाली होती. भांडं कोरडं ठणठणीत. तक्त्यात मंगळवार दुपार, शंभर. मंगळवार रात्र, अडीचशे. म्हणजे दुपारी धाकटीनं खरं मोजलं होतं, आणि एवढ्या गर्दीत त्या शंभराकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. रात्रीच्या मावशीनं नेहमीचा आकडा दिला होता. ती रात्रीची मावशी धाकटीच्या हाताखाली शिकलेली.

डॉक्टरबाई टेबलाशी चहाचा कप हातात घेऊन उभ्या होत्या. सिस्टर बसलेली होती. मावशीनं तक्ता टेबलावर ठेवला.

"बाई, हे आकडे खोटे आहेत."

बाईंना कळलं नाही. "म्हणजे चुकीच्या खाटेचे लिहिलेत?"

"मोजलेलेच नाहीत. आम्ही तोंडाला येईल ते सांगतो. मी सगळ्यांना शिकवलंय. काल मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."

सिस्टर उठून उभी राहिली, काही तरी बोलणार होती, पण बाईंनी कप खाली ठेवला आणि त्या अकरा नंबरकडे जवळजवळ धावतच गेल्या. नंतरचा तासभर कुणी कुणाला दोष द्यायला थांबलं नाही. लघवीची नळी घातली. पिशवीत दोन बोटं भरतील एवढी तांबडी-काळी लघवी आली आणि थांबली. अंगातलं पाणी आटलेलं असताना मूत्रपिंडाला मारक ठरणाऱ्या त्या गोळ्या आणि इंजेक्शन बंद केलं. रक्त हातात घेऊन बाईंनी स्वतः प्रयोगशाळेत नेलं. मूत्रपिंडाचा आकडा सोमवारच्या पाचपट झाला होता. रक्तातला एक क्षार एवढा चढला होता की हृदय कधीही थबकलं असतं. त्यावरची औषधं शिरेतून गेली. रक्त धुण्याचं यंत्र या दवाखान्यात नव्हतं. ते नदीपलीकडच्या मोठ्या दवाखान्यात. गाडी यायला दुपारचे बारा वाजले.

मधल्या वेळात बाईंनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी वॉर्डातले सगळे तक्ते गोळा करून टेबलावर मांडले. एकोणपन्नास माणसं, आणि जवळजवळ सगळ्यांची लघवी एकाच मापाची. सिस्टर त्या कागदांकडे बघत राहिली. त्यातलं निम्मं अक्षर तिचं होतं. मग बाई आणि सिस्टर खाटेखाटेशी गेल्या, प्रत्येक भांडं बघितलं, प्रत्येकाला विचारलं. नऊ नंबरचा हमाल आणि जमिनीवरचा एक शाळामास्तर, दोघांची लघवी अशीच आटत आली होती. त्यांचं रक्त त्याच सकाळी गेलं, सलाईन वाढलं, दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्या. हमाल पुढच्या सोमवारी स्वतःच्या पायांनी घरी गेला. जाताना तो मोठ्या मावशीला नमस्कार करायला वर आला, कारण कुणी तरी त्याला सांगितलं होतं की या बाईमुळं तू वाचलास. तिनं हात जोडले, आणि तो गेल्यावर चादरींच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पण ते नंतर. बुधवारी बारा वाजता दादाला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती शेजारून चालत होती. जे सिस्टरसमोर बोलली, ते तिला त्याच्यासमोर बोलायचं होतं. दाराच्या उंबऱ्याशी स्ट्रेचर अडकलं, तेवढे चार क्षण मिळाले. दादानं डोळे उघडले. उचक्यांच्या मधून म्हणाला, "माझी गुडघ्याची गोळी राहिली. हिला सांग."

ती म्हणाली, सांगते. मग गाडीचं दार लागलं.

नदीपलीकडे त्याचं रक्त दोनदा धुतलं. गुरुवारी तो थोडा शुद्धीवर आला, असं वहिनी म्हणाली; मुलीच्या फोनमध्ये जुळ्यांचे फोटो बघितले. मोठी मावशी गुरुवारी जाऊ शकली नाही. तिला मोठ्या डॉक्टरांनी चौकशीला बोलावलं होतं.

चौकशीची खोली लहान होती. मोठे डॉक्टर, मेट्रन, कचेरीतला एक माणूस. मावशीला खुर्ची दिली, ती बसली नाही. तिनं सगळं सांगितलं. साठ सांगितल्यावर काय झालं होतं, अडीचशे कसे निघून जातात, नातेवाईक कसे ओततात, रेघा कशा दिसत नाहीत. धाकटीचं काय, असं मेट्रननं विचारलं, तेव्हा म्हणाली, ती जे करत होती ते मीच शिकवलं होतं. कचेरीतला माणूस लिहीत होता. मग मोठे डॉक्टर म्हणाले की मीही या वॉर्डात रोज फेरी मारतो, मीही ते तक्ते बघितलेत, आणि इतकी वर्षं मला कधी प्रश्न पडला नाही की सगळ्यांची लघवी सारखी कशी.

तिची पगारवाढ थांबवली आणि ताकीद कागदावर आली. धाकटीला काढलं नाही. महिन्याभरात प्रत्येक खाटेला वेगळं मोजपात्र आलं, त्यावर दोनशेच्या जागी लाल पट्टी. सहा तासांत पट्टीच्या खाली राहिलं तर सिस्टरनं डॉक्टरला बोलवायचं, मग डॉक्टर झोपलेला असो की जेवत असो, आणि मोजलं नसेल तर 'मोजलं नाही' असं लिहायचं, त्याबद्दल कुणी कुणाला रागवायचं नाही. उलट्या-जुलाबांच्या पेशंटाला रक्तदाबाच्या आणि दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. मूत्रपिंडाचा आकडा वाढला तर प्रयोगशाळेनं वाट न बघता फोन करायचा. नव्या मावश्यांना हे शिकवायचं काम मोठ्या डॉक्टरांनी मोठ्या मावशीलाच दिलं. तिला ते नको होतं. ती म्हणाली, माझ्याकडून पोरी काय शिकल्या ते बघितलंत ना. ते म्हणाले, म्हणूनच.

ती शिकवते. पहिल्या दिवशी पोरींना सांगते की साठ असतील तर साठ म्हणायचे. एखादी पोरगी विचारते, आणि सिस्टर ओरडली तर? तर ओरडू दे, म्हणते. आकड्याच्या पलीकडे ती काही सांगत नाही. पोरींना वाटतं, मावशी खडूस आहे.

वहिनीला सांगायला तिला दोन महिने लागले. दुपारची वेळ होती, वहिनी दोरीवरचे कपडे काढून घडी घालत होती. मोठ्या मावशीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एकदाही न रडता, कारण रडलं तर वहिनीला हिचीच समजूत घालावी लागली असती. वहिनी ऐकत होती. दादाचा एक सदरा अजून त्या कपड्यांत होता, ती तो पोरांच्या अंगाखाली घालायला वापरायची. तिनं फक्त एक विचारलं:

"मंगळवारी दुपारीच तुला कळलं होतं?"

"हो."

"मंगळवारी सांगितलं असतंस तर?"

मावशी म्हणाली, डॉक्टरबाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, पण सोळा-सतरा तास हातात मिळाले असते.

वहिनीनं मान हलवली. सदऱ्याची घडी घातली, बाकीच्यांवर ठेवली. चहा घेशील का, असं तिनं विचारलं नाही. जा असंही म्हणाली नाही. थोड्या वेळानं एक पोर आत रडायला लागलं आणि ती उठून गेली. मोठी मावशी अंगणात उभी राहिली, मग उरलेले कपडे तिनं दोरीवरून काढले, घडी घातली, ओट्यावर ठेवले आणि निघाली. त्या घरी ती अजून जाते. भाची बोलते, पोरं मांडीवर येतात. वहिनी समोर ताट वाढते आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसते.

दादा नदीपलीकडच्या दवाखान्यात शुक्रवारी सकाळी पावणेअकरा वाजता गेला. नोव्हेंबरची एकोणीस तारीख होती. त्याला सदुसष्टावं लागलं होतं.